तिसऱ्या महिन्यातलं रक्त

आयुष्यात मी सगळ्यांत जास्त भांडणं केली ती बायकांच्या वजनावरून. नवरा, जाऊ आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांच्याशी मिळून जेवढी झाली नसतील तेवढी अंधेरीतल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर झाली. गरोदर बाई रक्त द्यायला यायची, आमची रिसेप्शनिस्ट तिला वजन विचारायची आणि ती बाई डोळ्याची पापणीही न हलवता लग्नाच्या बायोडेटातलं वजन सांगून मोकळी व्हायची. मग मी आतून बाहेर यायचे आणि तिला काट्यावर उभं करायचे. चपला काढ, पर्स नवऱ्याकडे दे, समोर बघ. अशा वेळी नवरे भिंतीवरचं कॅलेंडर फार मन लावून वाचतात.

माझ्यामागे मला ‘काटेवाली मॅडम’ म्हणत असत हे मला ठाऊक होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कारण आमच्या तपासणीत वजन चुकलं की पुढचं सगळं चुकतं. हे मी बायकांना मिठाच्या उदाहरणाने समजावायचे. चिमूटभर मीठ लहान पातेल्यात घातलं की आमटी खारट लागते, तेवढंच मोठ्या टोपात घातलं की अळणी. रक्तातल्या पदार्थांचंही तसंच असतं. टोप केवढा आहे हे ठाऊक नसेल तर मीठ कमी आहे की जास्त, हे मी कशावरून ठरवू? एवढं सांगितल्यावर बहुतेक जणी मुकाट्याने काट्यावर चढायच्या. काही तरीही म्हणायच्या की मॅडम, सकाळी भरपूर पाणी प्यायलेय, दोन किलो धरू नका.

मी जीवरसायनशास्त्राची. म्हणजे रक्तात काय किती आहे ते मोजणारी. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि आता मुलुंडला घरी असते. मुलुंडहून अंधेरीला रोज जाण्यायेण्याबद्दल इथे लिहिणार नाही, त्या विषयावर उपनगरात राहणाऱ्या प्रत्येकाचं एकेक पुस्तक डोक्यात तयार असतं. कामाची शेवटची बरीच वर्षं माझ्याकडे गरोदर बायकांच्या रक्ताचा विभाग होता, त्याबद्दल लिहिते.

तिसरा महिना सरता सरता एक रक्ततपासणी करतात. डॉक्टर आणि पेशंट दोघंही तिला डबल मार्कर म्हणतात. त्यात दोन पदार्थ मोजतात. बाळाच्या गुणसूत्रांत काही दोष असण्याची शक्यता किती, याचा अंदाज त्यावरून बांधतात, आणि सगळ्यांचं लक्ष तेवढ्याकडेच असतं. पण त्या दोनांपैकी एक पदार्थ, पॅप-ए नावाचा, आणखीही काही सांगत असतो. तो येतो वारेतून. वार म्हणजे गर्भाशयाला आतून चिकटून वाढणारा तो मांसल गोळा, ज्यातून बाळाला अन्न आणि प्राणवायू मिळतो. बाळाचं स्वयंपाकघरच म्हणा. हे स्वयंपाकघर पहिल्या तीन-चार महिन्यांतच बांधून होतं. ते नीट बांधलं गेलं नाही तर बाळ सुरुवातीला वाढतं, कारण इवल्याशा जिवाला लागतं तरी किती! पण सहाव्या-सातव्या महिन्यापासून त्याची भूक वाढते आणि पुरवठा कमी पडायला लागतो. बाळ खुरटतं. कधी कधी त्याहून वाईट होतं.

आणि त्या वेळी बाईला स्वतःला काहीच जाणवत नसतं. ती नीट जेवत असते, डोहाळजेवणाची साडी निवडत असते. पॅप-ए फार कमी असेल तर ही पुढची अडचण आम्हाला तिसऱ्या महिन्यात थोडीशी दिसते. आता तर वारेतून येणारा आणखी एक पदार्थ मोजतात, आईचा रक्तदाब बघतात, सोनोग्राफीत गर्भाशयाकडे जाणारा रक्तप्रवाह बघतात आणि हे सगळं एकत्र करून अंदाज काढतात. पण अंदाजच तो. आकडा कमी आलेल्या बहुतेक बायकांची बाळं छान गुटगुटीत होतात. हे सांगताना मी पाणीकपातीच्या नोटिशीचं उदाहरण द्यायचे. सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली म्हणजे नळ कोरडा पडणारच असं नाही. पण शहाणा माणूस पिंप भरून ठेवतो. पाणी आलंच तर आनंदच आहे.

आमची सगळ्यांत मोठी अडचण मात्र रक्तात नव्हती. तपासणी तिसऱ्या महिन्यात करायची, आणि आपल्याकडे तीन महिने पूर्ण होईपर्यंत कुणाला सांगायचं नसतं. दृष्ट लागते. त्यामुळे आमच्याकडे येणारी प्रत्येक बाई लपूनछपून यायची. बोरिवलीची बाई बोरिवलीत रक्त न देता अंधेरीला यायची आणि अंधेरीची बोरिवलीला जायची. घाटकोपरच्या एका घरून फोन आला की रक्त घ्यायला घरी या, पण लॅबचा कोट घालून येऊ नका, शेजारी वासावरच असतात. तेव्हा रक्त घेणारी आमची शबाना साध्या पंजाबी ड्रेसमध्ये पेटी घेऊन गेली. जिन्यात शेजारीण भेटलीच. शबानाने बेधडक सांगितलं की मी पार्लरवाली, होम सर्व्हिस. शेजारणीने तिला दारातच धरलं आणि जाताना माझ्याही भुवया करून जा म्हणाली. शबाना रक्त घेऊन मागच्या जिन्याने उतरली. परत आल्यावर म्हणाली, “मॅडम, मला खरंच थ्रेडिंग शिकवा, धंदा आहे त्यात.”

दुसरा प्रकार पेढे-बर्फीवाल्यांचा. मुलगा की मुलगी हे कुणालाही सांगणं कायद्याने गुन्हा आहे, आणि या तपासणीत आम्हाला ते कळतही नाही. पण मालाडचे एक गृहस्थ रिपोर्ट न्यायला आले आणि काउंटरवर वाकून हळूच विचारू लागले की मॅडम, पेढे आणू की बर्फी? मी त्यांना म्हटलं, मला डायबिटीस आहे, तुम्ही आधी बाहेर व्हा. मला डायबिटीस नाही. पण त्या वेळी मला जेवढा राग आला होता तेवढ्यात एवढंच सुचलं.

खंत आहे ती उशिरा येणाऱ्यांची. दिंडोशीची एक मुलगी पाचव्या महिन्यात आली. आधी का नाही आलीस विचारलं तर म्हणाली, घरच्यांनी सांगितलं होतं, गावच्या देवाला कळवल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढायची नाही, आणि गावी जायला सुट्टी मिळत नव्हती. वार सावरायला जी औषधं देतात ती त्याआधीच सुरू व्हायला हवी होती. मी तिचं रक्त घेतलं नाही, त्या आठवड्यांत ते काही सांगत नाही. तिला लगेच डॉक्टरांकडे पाठवलं. तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही, आणि ते न कळणं मला अजून टोचतं.

पण एका बाईचं पुढे काय झालं ते मला नीट माहीत आहे. तिच्यासाठीच हा लेख लिहायला बसले.

जोगेश्वरीच्या एका डॉक्टरबाईंचा मला फोन आला. त्यांच्या पेशंटचा रिपोर्ट आमच्याकडून गेला होता. वरची ओळ चांगली होती, गुणसूत्रांचा धोका कमी. तिचा नवरा ती ओळ वाचून खूश होऊन गेला होता. पण डॉक्टरबाईंनी खालचा आकडाही पाहिला होता. पॅप-ए फारच खाली होता. “हिचं पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं,” त्या म्हणाल्या. “फार लहान होतं. त्या वेळी ही गावी होती, कुणी काही तपासलं नव्हतं. हा आकडा खरा असेल तर मला आजपासूनच कामाला लागायला हवं. तुम्ही खात्री करून द्या.”

खात्री करणं म्हणजे माझं आवडीचं काम. नाव स्नेहल परब म्हणू या, या घरातली खरी नावं इथे देत नाही. तिचं रक्त जोगेश्वरीच्या आमच्या छोट्या सेंटरवर घेतलेलं होतं आणि वजन तिने तोंडी सांगितलेलं. मी म्हटलं, तिला अंधेरीला पाठवा, मी स्वतः बघते.

दुसऱ्या दिवशी ती आली. सावळी, बारीक, तिशीच्या आतली, दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरलेली. बरोबर सासू. सासूबाई म्हणजे सुनंदाबाई. मालवणकडच्या, लग्न होऊन मुंबईत आलेल्या. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून त्याने संसार रेटला आणि काही वर्षांपूर्वी गेला. मुलगा महेश आता एसी दुरुस्तीचं काम करतो. हे सगळं सुनंदाबाईंनी मला पाणी पिता पिता सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

स्नेहलला काट्यावर उभं केलं. तिने सांगितलं होतं त्यापेक्षा वजन बरंच कमी भरलं. ओकाऱ्यांनी ती सुकली होती. म्हणजे टोप लहान निघाला, आणि तरीही आमटी अळणी. आकडा सुधारायच्या ऐवजी आणखी खाली गेला. मग सुनंदाबाईंना बाहेर बसवून मी तिला पुढचे प्रश्न विचारले. डायबिटीस नाही. रक्तदाब नाही. उपचार करून राहिलेलं बाळ नाही. सिगारेट?

स्नेहल लाजून हसली. “काय मॅडम. आमच्याकडे बायका सिगारेट ओढतील का?”

तंबाखू, गुटखा, पान? तेही नाही. मी तसं लिहून घेतलं आणि तिचं रक्त पुन्हा घ्यायला सांगितलं.

रक्त देऊन झाल्यावर तिला पुन्हा मळमळलं, म्हणून दोघी बेसिनकडे गेल्या. माझी केबिन तिथेच, दार उघडं. पाहते तो सुनंदाबाईंनी कमरेच्या पिशवीतून एक छोटी डबी काढली होती. त्यातली काळी पूड बोटावर घेतली होती आणि सुनेच्या पाठीवरून दुसरा हात फिरवत त्या ते बोट तिच्या तोंडाशी नेत होत्या. “लाव गो थोडी. बरा वाटात.”

मी खुर्चीवरून उठले. हे काय म्हणून विचारलं.

“मशेरी, मॅडम. दातांका लावतंय.”

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करायची आणि त्या पुडीने दात घासायचे, ती मशेरी. कोकणातल्या आणि घाटावरच्याही कितीतरी बायका सकाळी उठल्याबरोबर ती लावतात आणि मग दिवसातून अनेकदा बोट डबीत जातं. घरात मशेरी भाजायला घेतली की अख्ख्या मजल्याला ठसका लागतो. पण तिला तंबाखू कुणी म्हणत नाही. ती दातवण. त्यामुळे स्नेहल मला खोटं बोलली नव्हती. मी तंबाखूबद्दल विचारलं आणि तिने तंबाखूबद्दल सांगितलं.

मी सुनंदाबाईंना म्हटलं, अहो, ही तंबाखूच आहे. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत, उलट अडाण्याला समजवावं तशा समजावू लागल्या की भाजल्यावर तिच्यातलं विष जळून जातं, म्हणून तर ती भाजायची. नुसती तंबाखू वाईट, हे त्यांनाही मान्य होतं. मळमळीवर मशेरी हा त्यांच्या आईने त्यांना सांगितलेला उपाय होता. पोरीच्या पोटात अन्न ठरत नाही, तेवढंच तिला बरं वाटावं, एवढ्याचसाठी त्या देत होत्या. ही सासू सुनेला तळहातावर जपत होती, आणि त्या तळहातावरच ती पूड होती.

मी त्यांना दोघींना केबिनमध्ये बसवलं आणि सगळं सांगितलं. वार म्हणजे काय, आकडा कमी म्हणजे काय, तंबाखूने रक्तवाहिन्या कशा आवळतात आणि बाळाला जाणारं रक्त कसं कमी होतं. भाजल्याने विष जात नाही हेही सांगितलं. आमच्या कॉम्प्युटरला सिगारेट माहीत होती, ती ओढणाऱ्या बाईचा आकडा तो दुरुस्त करून घ्यायचा. मशेरी त्याला माहीत नव्हती. तो परदेशात बनलेला. त्यामुळे स्नेहलचा आकडा वारेमुळे किती खाली आहे आणि मशेरीमुळे किती, हे मला वेगळं करता येत नव्हतं. पण बाळाच्या दृष्टीने दोन्ही वाईटच.

स्नेहल ऐकत होती. सुनंदाबाई मात्र मधेच ऐकायच्या थांबल्या, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. थोड्या वेळाने त्यांनी स्नेहलला बाहेर जाऊन महेशला फोन लावायला सांगितलं. ती गेल्यावर खाली बघत मला विचारलं,

“पयल्या येळाक पण मीच दिलंय तिका. लगीन होऊन इली तेवा ती लावी नाय होती. ओकाऱ्यो होऊक लागल्यो म्हणान मीच दिलंय. त्या पोराक मी मारलंय काय, मॅडम?”

अशा प्रश्नाला कुठलाही भला माणूस नाही म्हणेल. माझ्या तोंडून ते निघालं नाही. मी आयुष्यभर आकड्यांच्या बाबतीत हट्टी राहिले, जे ठाऊक नाही ते लिहायचं नाही. मी म्हटलं, पहिल्या वेळेला काहीच तपासलेलं नाही, त्यामुळे ते आता कुणालाच सांगता येणार नाही. वार मुळातच अशक्त असेल, आणखीही दहा कारणं असतात. जे समोर आहे ते सांभाळू या. त्यांनी मान हलवली आणि डबी पिशवीत न टाकता माझ्या टेबलावर ठेवून दिली. त्या गेल्यावर मी ती कचऱ्यात टाकली. शबाना म्हणाली की मॅडम, बरोबर बोललात. बरोबर तर होतंच, पण त्या बाईला त्याचा काय उपयोग झाला?

नंतरचे महिने मी लांबून पाहिले. स्नेहलला मी माझा नंबर दिला होता. तो मी पेशंटना देत नसे, कारण लोक मग साखर किती खाऊ हेही विचारतात. डॉक्टरबाईंनी तिला ऍस्पिरिनची अगदी लहान मात्रा सुरू केली. वारेच्या रक्तवाहिन्या मोकळ्या राहाव्यात म्हणून अशा बायकांना ती देतात, पण ती वेळेवर, म्हणजे साधारण चौथ्या महिन्याच्या आत सुरू करायला हवी, आणि अर्थातच डॉक्टरांनीच. लगेच सुनंदाबाईंचा मला फोन. शेजारच्या काकांना हीच गोळी हार्टसाठी देतात, हिच्या हृदयाला काय झालं? मी पुन्हा सगळं समजावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी औषधाच्या दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला गरोदरपणात कशाला घेता. पुन्हा फोन. त्या दुकानदाराशी मी काय बोलले ते या अंकात छापता येण्यासारखं नाही.

मशेरी सोडणं स्नेहलला फार जड गेलं नाही. जड गेलं सुनंदाबाईंना. सुनेसमोर डबी उघडली तर तिलाही तलफ येईल म्हणून त्यांनी स्वतःची सोडली, जी लहानपणापासून लावत होत्या ती. डोकं धरायचं, पोट साफ व्हायचं नाही, आणि मजल्यावरच्या प्रत्येकीशी त्यांचं भांडण झालं. महेशने मला फोनवर सांगितलं, “मॅडम, आईची पार वाट लागलीय. ती लवंग चघळते आणि दिवसभर आम्हाला चघळते.” पण घरात मशेरीचा तवा पुन्हा चढला नाही.

दर काही आठवड्यांनी स्नेहलची सोनोग्राफी व्हायची. डोकं, पोट, मांडीचं हाड मोजायचं आणि वाढीच्या आलेखावर टिंब द्यायचं. बाळाची रेघ सगळ्यांत खालच्या रेघेला धरून चालली होती, पण चढत होती. स्नेहल प्रत्येक वेळी मला व्हॉट्सऍपवर एक शब्द पाठवायची, चढलं. डोहाळजेवणाला तिने ठाम नकार दिला. पहिल्या वेळेला ते झालं होतं, फुलांचे दागिने घालून फोटो काढले होते, आणि त्यानंतर काही दिवसांतच सगळं संपलं होतं. ते फोटो तिने डिलीटही केले नव्हते आणि उघडलेही नव्हते. मी तिला काही बोलले नाही. मलाही भीती वाटत होती, हे मी कबूल करते. आमच्या हातात रक्ताची नळी येते, माणूस येत नाही, आणि ते सोयीचं असतं. इथे माणूस आलं होतं.

आठव्या महिन्यात रेघ आडवी झाली. दोन सोनोग्राफींमध्ये बाळाचं पोट जवळजवळ वाढलंच नव्हतं, आणि नाळेतला रक्तप्रवाह मंदावायला लागला होता. स्नेहलला काहीच कळलं नव्हतं. बाळ हलत होतं, तिला भूक लागत होती. पहिल्या वेळेसही असंच होतं, फरक एवढाच की त्या वेळी कुणी बघत नव्हतं आणि या वेळी डॉक्टरबाई तिसऱ्या महिन्यापासून त्यासाठीच टपून बसल्या होत्या. त्यांनी त्याच दिवशी तिला नवजात बाळांचा कक्ष असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून इंजेक्शनं दिली, रोज रक्तप्रवाह बघत जमेल तेवढे दिवस थांबले, आणि मग सिझेरियन केलं.

महेशचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्येच होते. त्याला बोलता येईना. मला वाटलं, गेलं. मग तो म्हणाला, “मुलगी झाली मॅडम. रडली. एवढीशी आहे, पण जाम रडली.”

दोन किलोलाही बरीच कमी होती. काचेच्या पेटीत ठेवली होती, नाकात नळी होती. पण श्वास तिचा तिने घेतला. आईच्या छातीशी उघडी ठेवायची, दूध चमच्याने पाजायचं, असं करत करत तिने वजन धरलं. स्नेहलचे टाके दुखायचे तेव्हा पोरीला छातीशी धरायला सुनंदाबाई बसायच्या. तासन् तास, पाठ न टेकता. नर्सने उठवलं तरी उठायच्या नाहीत.

इथे मला एक स्पष्ट लिहायचं आहे, नाहीतर वाचणाऱ्या बायका उद्या लॅबमध्ये चमत्कार मागायला जातील. रक्ताच्या तपासणीने या पोरीला वाचवलं नाही. त्या तपासणीने फक्त एवढं सांगितलं की इकडे नीट लक्ष ठेवा. लक्ष ठेवलं ते डॉक्टरबाईंनी, औषध घेतलं स्नेहलने, आणि मशेरी सोडली सुनंदाबाईंनी. पण कुठे लक्ष द्यायचं ते पाच महिने आधी कळणं ही लहान गोष्ट नाही. मी नोकरीला लागले तेव्हा हे कुणालाच कळत नव्हतं. आता आमच्या लॅबमध्ये सिगारेटबरोबर मशेरीही विचारतात, आणि तंबाखू हा शब्द न वापरता विचारतात. दातांना काय लावता, असं. एवढी एक सुधारणा मी करून आले, आणि मला तिचा अभिमान आहे.

मुलीचं बारसं उशिरा केलं, ती अंगाने भरल्यावर. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. जोगेश्वरीला त्यांच्या इमारतीत गेले. पोरीला पाहिलं तर गालांना वळ्या, आणि अनोळखी माणसाने घेतलं म्हणून माझ्या चष्म्यावर पहिला हल्ला. बाहेरच्या खोलीत पाळणा सजवला होता, बायका घुगऱ्या वाटत होत्या. मी आतल्या खोलीत स्नेहलजवळ बसले होते, पोर माझ्या मांडीवर.

स्नेहल दाराकडे एकदा बघून हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, एक सांगायचंय. मी आईंना खोटं सांगितलंय.”

पोर पेटीत होती तेव्हाची गोष्ट. सुनंदाबाई रात्रंदिवस तिथे बसून असायच्या आणि एक दिवस रडत सुनेला म्हणाल्या की पहिलं माझ्यामुळे गेलं, हिला तरी मी हात लावू की नको. तेव्हा स्नेहलने त्यांना सांगितलं की आई, मला माहेरीच मशेरीची सवय होती. लग्नाआधीपासून चोरून लावायचे, तुम्ही दिली नसती तरी मी लावलीच असती.

“माझे बाबा शाळामास्तर,” स्नेहल म्हणाली. “आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा येत नाही. मशेरी मी इथे आल्यावर पहिल्यांदा बघितली.” मग थांबून म्हणाली, “पण खरं धरून मी काय करू, मॅडम? माझं पहिलं परत येणार नाही. आणि ही दुसऱ्या कुणाच्या मांडीवर झोपत नाही.”

मी पोरीचं अंगडं सारखं केलं. तेवढ्यात सुनंदाबाईच घुगऱ्यांची वाटी घेऊन आत आल्या. माझ्या हातात वाटी दिली, पण गेल्या नाहीत. दोन पावलं दाराकडे जाऊन परत फिरल्या.

“मॅडम, तुमका सांगल्यान होता काय हिना? हिका म्हायेराकच सवय होती म्हणान?”

स्नेहल दुपट्याची घडी घालत होती. तिने वर पाहिलं नाही. सुनंदाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, केबिनमध्ये बघत नव्हत्या तशा, सरळ.

“हो,” मी म्हटलं. “पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझ्याकडे लिहिलेलंही आहे.”

त्यांनी मोठा श्वास घेतला. पदराने तोंड पुसलं आणि माझ्या मांडीवरून पोरीला उचललं.

“चल गो बाय माझी,” त्या म्हणाल्या, “नाव ठेवूक सगळी खोळंबलीत.”